चाळीस हिरव्या टिकल्या

शहराच्या वीस वर्षांच्या नव्या आराखड्यात आमच्या नाटकाच्या तालमीच्या मैदानावर पार्किंग येणार होतं. जी जागा वाचवायची, तिच्यावर प्रत्येकाने नकाशात एक हिरवी टिकली चिकटवायची होती. मी गुपचूप चाळीस चिकटवल्या. आराखडा करणारी माझीच धाकटी बहीण. तिने एका नजरेत चोर पकडला.

“दादा, सगळ्या एका रांगेत? काढ मुकाट्याने!”

काढल्या. म्हटलं, गेलं मैदान.

पण ही पठ्ठी आठवडाभर सकाळी सहापासून वही घेऊन मैदानातच बसली. चालणारे, नाचणारे, तालीम करणारे, रोजची दोनशे बारा माणसं मोजली आणि पार्किंग खोडलं. मानलं बुवा तिला!

“मला कशात धरलंस गं?”

“मनोरंजनात.”