दातांच्या तारा

टॅक्सच्या रिफंडवर लोर्नाने वॉशिंग मशीन हेरून ठेवलं होतं. पैशांऐवजी सरकारी पत्र आलं. नवऱ्याने, म्हणजे कर्टिसने, पहिल्या बायकोच्या, यव्हेटच्या, पोरीची पोटगी थकवली होती, म्हणून दोघांनी मिळून भरलेल्या टॅक्सचा सगळा रिफंड तिकडे वळवला होता. कोंबड्यांच्या कारखान्यात राबली लोर्ना, आणि भरलं घर यव्हेटचं.

तिला रविवारचं चर्च आठवलं. पोरीच्या दातांवर नव्या तारा चमकत होत्या आणि यव्हेट लाडात म्हणाली होती, "कर्टिस बदलला हं. गेल्या वर्षीपासून जबाबदारीने पैसे देतो. त्यातूनच या तारा बसवल्या."

पत्र घेऊन ती टॅक्सचे कागद भरणाऱ्या ओपलमावशीकडे गेली.

"थकबाकी त्याची, मग माझे पैसे का कापले?"

"अगं, तुझा वाटा परत मागायचा फॉर्म असतो. गेल्या वर्षीही रिफंड असाच गेला, तेव्हा कर्टिसला सांगितलं होतं मी. म्हणाला, लोर्नाची हरकत नाही."

गेल्या वर्षी तो घरी म्हणाला होता, यंदा रिफंडच नाही. माझ्या घामावर त्या बाईसमोर शहाणा बाप झाला मेला!

मावशीने दोन्ही वर्षांचे फॉर्म पुढे केले. लोर्नाने यंदाच्यावर सही केली.

"आणि गेल्या वर्षीचा?"

"राहू दे. तारा काय उपटून आणू?"

मग तिने यव्हेटला फोन लावला. "पोरीच्या तारा माझ्या पैशांच्या आहेत, कर्टिसच्या नाहीत. येत्या रविवारी चर्चमध्ये कौतुक करशील तेव्हा माझं नाव घे."