ज्याची गोळी, त्याची पिशवी

तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं तेव्हा धुरपता सापडली. पुलाच्या खाली, बाभळीच्या बनात, कमरेपर्यंत गाळात.

हवालदार म्हणाला, "मिस्त्री, वळखून सांगा."

मी म्हणालो, "माझीच हाय."

तो कागद लिहायला बाजूला गेला. धुरपताच्या पदराच्या टोकाला गाठ होती. मी ती सोडली. कापड फुगलं होतं, दातांनी सोडावी लागली. आत माझ्या बीपीच्या गोळ्यांची दोन पाकिटं निघाली. मी ती खिशात घातली. कुणी पाहिलं नाही.

पंचनाम्यात लिहिलं गेलं की गळ्यात बोरमाळ होती. तेवढ्यावरून गावानं ठरवून टाकलं, बाई बोरमाळीसाठी माघारी गेली. ती बोरमाळ ती रोजच घालायची, रानात निंदायला जातानासुद्धा. वस्तीतल्या सगळ्या बायकांना हे माहीत होतं. त्यांना कुणी विचारलं नाही, आणि मीही काही बोललो नाही.

खरं काय झालं ते असं. आमची वस्ती बिलोली तालुक्यात, मांजरेच्या काठाला. एकेचाळीस घरं. त्या पहाटे पाणी आलं तसे आम्ही सगळे वरच्या अंगाला शाळेत गेलो. धुरपतानं कागदांची पेटी घेतली, शेळी सोडली, शेजारच्या शांतम्मा म्हातारीला हाताला धरून वर आणलं. मी माझे पाने-पकडी घेतले. मी मोटारी दुरुस्त करतो, बोअरमधल्या आणि विहिरीवरच्या. चांगलं उजाडल्यावर शाळेच्या ओट्यावर कुणीतरी चहा केला. दोन घोट घेतले आणि मी म्हणालो, "माझ्या गोळ्या घेतल्यास का गं?"

ती म्हणाली, "अगं बाई, फळीवरच राहिल्या."

"मग? गोळी चुकली की माझं डोकं कसं धरतं, ठावं हाय ना तुला?"

एवढंच बोललो. जा म्हणालो नाही. पण जाऊ नको असंही म्हणालो नाही. तेव्हा आमच्या दारात गुडघाभर पाणी होतं. ती म्हणाली, आले ह्या पावली. मी चहा संपवला.

लातूरहून लेक आली. दिपाली, तिथं दवाखान्यात नर्स आहे. विहारात पुण्यानुमोदन झालं. जाताना तिनं मला विचारलं, "बाबा, आई माघारी कशाला गेली हो?" मी म्हणालो, "काय की." ती गेली.

पंधरा दिवसांनी लातूरच्या एका संस्थेची गाडी आली. शाळेसमोर टेबल मांडलं, बॅनर लावलं. प्रत्येक घराला एक आपत्कालीन बॅग. निळ्या रंगाची, पाठीवर घ्यायची, वर मोठ्या अक्षरात देणाऱ्याचं नाव. माझं नाव पुकारलं. मी बॅग हातात घेतली, आधी चेन ओढली. कापडात अडकली. आत साबण, ब्रश, बिस्किटं आणि एक टॉर्च. टॉर्चमध्ये सेल घातलेलेच होते. मी बॅग शाळेच्या हौदात बुडवून वर काढली आणि टेबलावर उलटी केली. साबण, बिस्किटं, सगळं निथळत बाहेर आलं.

टेबलामागचा पोरगेला माणूस म्हणाला, "काका, हे काय केलं? फोटो तर काढू द्या."

"फोटोला पिशवी कशाला लागती? असाच काढा."

"अहो, बॅग पाऊस-पाण्यात चालते."

"ही उन्हात चालती, बापू. आमच्याकडं उन्हासाठी पिशवी लागत न्हाई."

मागून वैजनाथ ओरडला. वैजनाथ म्हणजे आमच्याकडचा मोठा शेतकरी. चाळीस एकर, दोन ट्रॅक्टर. "मिस्त्री, फुकटचं मिळून राहिलं तर गप घ्यावं मानसानं. लई शाना झालास का?"

"तू घे की. तुझ्याकडं दोन ट्रॅक्टर हायत, दोन घे."

लोक हसले. मी बॅग तिथंच ठेवून घरी आलो. माझ्या नावापुढं सही नाही. लातूरला त्यांच्या यादीत अजून कोरी जागा असेल.

घरी येऊन मला झोप लागेना, जेवण जाईना. मग हाताला काम दिलं. मी तीस वर्षं पाण्याखाली जोड मारत आलोय. तीनशे फूट खोल बोअरमध्ये केबलचा जोड उतरवतो, तो सात-सात वर्षं पाणी पीत नाही. आणि माझ्या घरातल्या गोळ्या फळीवर, उघड्या डब्यात.

वैजनाथच्याच शेडमागं ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाच्या जुन्या ट्यूबा पडल्या होत्या. त्याच्या गड्याला सांगून आणल्या. हातभर लांबीचा तुकडा कापला. एक तोंड घासून, सोल्युशन लावून, पट्टी देऊन कायमचं बंद केलं. दुसरं तोंड तीन घड्या घालून ट्यूबच्याच रबराच्या पट्टीनं करकचून बांधायचं, जोडावर पट्टी ओढतो तसं. खांद्याला अडकवायला बैलाच्या जुन्या कासऱ्याचा बंद. तोंड बांधताना आत थोडी हवा राहू दिली की पिशवी बुडत नाही. आत वर्तमानपत्र घालून हौदात टाकली, वर दगड ठेवून दिवसभर दाबून ठेवली. संध्याकाळी उघडली. आतलं वर्तमानपत्र कोरडं. माणूस कवटाळून धरील तर घटकाभर तरंगेलही, पण ते मी कुणाला सांगितलं नाही. तसल्या भरवशावर माणसं पाण्यात उतरतात.

आत काय घालायचं यावर मी महिनाभर घोळ घातला. शांतम्मा रोज येऊन बसायची. ती देगलूरकडची, अर्धं तेलुगू अर्धं मराठी बोलते.

"अय्यो मिस्त्री, किती भरतोस? ही पिशवी हाय का रुखवत?"

"बरं, तूच सांग. तुला काय लागलं होतं त्या दिवशी?"

"चप्पल," ती म्हणाली. "पाणी गेल्यावर काचा, काटे. मी चार दिवस अनवाणी. आन चष्मा. चष्म्याबिगर मला तू बी बैल दिसतोस."

चप्पल आणि जुना चष्मा हे तिच्यामुळं आलं. सेल टॉर्चच्या बाहेर, वेगळ्या प्लास्टिकात, हे माझं. आत ठेवले की ते पाझरतात आणि नेमके लागतात तेव्हा टॉर्च मुकी. नंबर कागदावर लिहून, कारण मोबाईल मेला की पोटच्या लेकीचा नंबर आठवत नाही. मला आठवला नव्हता. आधारच्या झेरॉक्स, एक शिट्टी, गूळ-फुटाणे. आणि पंधरा दिवसांच्या गोळ्या. दर पौर्णिमेला जुन्या काढून खायच्या, नव्या ठेवायच्या. पौर्णिमेला विहारात सगळे येतातच, तेव्हा आठवण राहते. इतरांनीही तोच दिवस धरावा.

दिवाळीनंतर शाळेच्या ओट्यावर सगळ्यांना बोलावलं. बाया-माणसं बरीच आली. वैजनाथही आला, त्याच्याच ट्यूबा होत्या म्हणून. मी पिशवी दाखवली, हौदात टाकून काढली. लोकांना पटली. बायकांनी हात पुढं केले. मी म्हणालो, "बायांनो, थांबा. ही पिशवी बाप्यांनी न्यायची. आपली आपन भरायची. बायकोला विचारायचं न्हाई."

"म्हंजे?" वैजनाथ म्हणाला.

"तुला साखर हाय. तुझी गोळी कुठं असती?"

"घरात."

"घरात कुठं?"

त्यानं मान वळवली आणि बायकांकडं बघून हाक मारली. "अगं ए, माझी गोळी कुठं असती गं?"

ओटा हसायला लागला. शांतम्मा म्हणाली, "गोळीचं सोड, चड्डी कुठं असती ते तरी इचारा त्याला."

वैजनाथची बायको लक्ष्मीबाई पदर तोंडाला लावून हसत होती. ते वैजनाथनं पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. तो उठून उभा राहिला.

"ज्ञानोबा मिस्त्री, लई शिकवून राहिलास. पिशवी भरनं हे बायकांचं काम हाय. आन तुझ्या बायकोला अक्कल असती तर ती बोरमाळीपायी पान्यात गेली नसती. आधी आपलं घर बघ."

 

गोळ्यांची ती दोन पाकिटं माझ्या खिशातच होती. सदरा बदलला की ती नव्या सदऱ्याच्या खिशात जायची. मी ती बाहेर काढली. पाण्यानं छाप उडाला होता, पण कशाची आहेत ते कळत होतं.

"बोरमाळ तिच्या गळ्यातच होती," मी म्हणालो. "बायांना इचार. ती माघारी ह्याच्यापायी गेली. ह्या माझ्या गोळ्या. मी मागितल्या. इथंच बसून, चहा पिताना. साठ वर्षांचा बाप्या मी, मोटार खोलतो, परत जोडतो, एक नट इकडचा तिकडं होत न्हाई. आन सोताची गोळी कुठं हाय ते बायकोला इचारतो. आता म्हन, कुणाला अक्कल नव्हती."

कुणीतरी हळूच म्हणालं, "मिस्त्री, नशीब असतं एकेकाचं."

"नशीब न्हाई. माझं नशीब, तिचं नशीब, नदीचं नशीब, काई सांगू नका मला. मी मागितल्या म्हनून ती गेली. ज्याला पिशवी पाहिजे त्यानं सोता यावं. बाईच्या हातात मी देनार न्हाई."

वैजनाथ चपला घालून निघून गेला. त्या दिवशी सहा बाप्यांनी पिशव्या नेल्या. पुढच्या पौर्णिमेला अकरा. काहींनी गुपचूप बायकोकडून भरून घेतल्या. मी घरोघर जाऊन माणसाला दारात उभं करून विचारायचो, "आत काय हाय, न बघता सांग." सांगता आलं नाही की तिथंच ओतायची आणि परत भरायला लावायची. लोक मला टाळायला लागले. मिस्त्री आला म्हटलं की माणसं मागच्या दारानं शेताला. मी मागच्या दारी उभा राहायला लागलो.

संक्रांतीच्या नंतर लक्ष्मीबाई आली. एकटी, भर दुपारी, उंबऱ्याच्या बाहेर उभी.

"भाऊ, एक पिशवी द्या."

"वहिनी, वैजनाथला पाठवा."

"ते येत न्हाईत. तुम्हाला बी ठावं हाय, मला बी ठावं हाय. द्या की. मी भरते त्यांचं सगळं."

"न्हाई."

तिनं माझ्याकडं रोखून पाहिलं. मग म्हणाली, "तुमचं सगळं बराबर हाय, भाऊ. पर पानी आलं की ते गोळी मागनार, आन पिशवी नसनार. मग माघारी मीच जानार. तुम्ही बसा हट्ट धरून."

  मी आत गेलो, एक पिशवी घेऊन आलो.

"ही घ्या. पर ही त्याची न्हाई, तुमची. ह्यात तुमचं सामान भरा. त्याची एक बी वस्तू घालायची न्हाई. आन त्यानं मागितलं तरी माघारी जायचं न्हाई. त्यो ओरडला तरी न्हाई, हात उगारला तरी न्हाई. धुरपताची शपथ हाय तुम्हाला."

तिनं पिशवी घेतली. तोंड उघडून आत पाहिलं. 

"माझं सामान," ती म्हणाली. "भाऊ, माझं काय असतं?"

मी विचार करायला लागलो. धुरपताचं काय होतं, ते आठवून सांगावं म्हटलं. तिला काही दुखत होतं का, रोज काही घ्यायची का, चष्म्याचा नंबर किती होता. एकतीस वर्षांत मला त्यातलं काही माहीत नव्हतं. मी म्हणालो, "वहिनी, घरी जाऊन बघा. काई ना काई असंल."

आठवड्यानं ती परत आली. पिशवी खांद्याला लावून. म्हणाली, "गुडघ्याचं तेल हाय माझं. माहेरचा फोटो हाय. आन माझ्या नावावरच्या चार गुंठ्याचा सातबारा, त्यो पेटीत कागदाखाली गेला होता." मग हसली. "ते इचारत होते, माझं काय घातलंस. म्हनलं, काई न्हाई."

"मग?"

"मग काय. दोन दिवस जेवले न्हाईत."

आज मे महिन्याची वीस तारीख. मृगाला अठरा दिवस आहेत. एकेचाळीस घरांपैकी चौतीस घरांत पुरुषानं स्वतः भरलेली पिशवी खुंटीला आहे. सात राहिलीत, त्यात वैजनाथ आहे. त्याच्याकडं मी परवा गेलो होतो. त्यानं मला हाकललं. मी उद्या परत जाणार आहे. त्यानं कुत्रं सोडलं तरी जाणार आहे.

दिपाली रोज सकाळी ड्युटीवर जाताना फोन करते. आधी एकच विचारते, "बाबा, गोळी घेतलीत का?" मी म्हणतो, घेतली. ओट्यावर मी काय बोललो ते वस्तीतून कुणी तिला कळवलं असेल, नसेल. ती त्याबद्दल काही बोलत नाही. गावासमोर बोललो, वैजनाथसमोर बोललो, इथं लिहूनही काढलं.

तिला सांगायचं राहिलं आहे.