फक्त प्रश्न विचारायचे

मी दात बनवते. डॉक्टर तोंडाचा ठसा घेऊन आमच्या लॅबमध्ये पाठवतात, मी त्याचा प्लास्टरचा साचा करते, मेणात एकेक दात बसवते, आणि शेवटी त्याची कवळी होते. आमच्या भागातली निम्मी म्हातारी मंडळी माझ्या दातांनी चावतात, माझ्या दातांनी भांडतात आणि फोटोत माझ्या दातांनी हसतात. अपवाद फक्त माझ्या बाबांचा. सख्ख्या लेकीने जीव ओतून केलेली कवळी त्यांनी रुमालात गुंडाळून कपाटात ठेवली आहे. "चांगल्या प्रसंगाला घालीन," म्हणतात. कवळी नसून लग्नातला कोट असल्यासारखं. जगाला दात पुरवणाऱ्या बाईचा बाप बोळक्या तोंडाने हिंडतो, आणि लोक मला विचारतात, काय हो, धंदा बरा चाललाय ना?

गेल्या महिन्यात दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या लॅबमधून मला फोन आला. तिथे दात मशीन कापतं. मशीन हुशार आहे, पण ते सगळे दात एकसारखे पांढरेशुभ्र करतं, आणि ते तोंडात बसवले की बाथरूमच्या फरश्यांसारखे दिसतात. ते दात माणसाचे वाटावेत म्हणून त्यांच्यावर हात फिरवायला आणि तिथल्या नव्या पोरांना ते काम शिकवायला त्यांना कुणीतरी हवं होतं. माझं नाव आमच्याच मालकांनी सुचवलं होतं. आणि उत्तर महिन्याभरात हवं होतं. फोन ठेवून मी मागच्या खोलीत गेले, प्लास्टरच्या पोत्यांमध्ये उभी राहिले आणि एकटीच हसत सुटले. मला आकाश ठेंगणं झालं होतं.

आणि तिथेच घोडं अडलं. मला लहानपणापासून एक गोष्ट पक्की शिकवलेली आहे: जे मनापासून आवडतं तो मोह, आणि जे जिवावर येतं ती देवाची इच्छा. शिकवणारी माझी आत्या. आई गेली तेव्हा मी अजून शाळेतही जात नव्हते. आत्या आपलं शिलाई मशीन घेऊन भावाच्या घरी चार दिवस राहायला म्हणून आली, ती कायमचीच. तिने मला न्हाऊमाखू घातलं, प्रार्थना शिकवली, आणि नाताळच्या आदल्या आठवड्यात कापडाच्या दुकानात मी लाल कापडाला हात लावला की म्हणायची, "आवडलं ना फार? मग तपकिरी घे." माझे लहानपणचे सगळे फ्रॉक तपकिरी आहेत. फोटोत मी एखाद्या टपालाच्या पाकिटासारखी दिसते.

तेव्हा मी रीतसर प्रार्थनेला लागले. "प्रभू, जाऊ की राहू, एवढंच सांग." रोज सकाळी विचारलं, लॅबला जाताना विचारलं, कवळी घासता घासता विचारलं. प्रभू काही बोलेना. मग मी खुणा शोधू लागले. त्या शहराची बस समोरून गेली की वाटे, जा म्हणतोय. तीच बस पुढच्या चौकात बंद पडलेली दिसली की वाटे, राहा म्हणतोय. एकदा ती बंद पडलेली बस पुन्हा सुरू झाली, तेव्हा मात्र माझं डोकंच फिरलं. "साऱ्या जगाशी बोलतोस आणि माझ्याच वेळी मूग गिळून बसतोस!" असं मी देवाला भर रस्त्यात सुनावलं. शेजारून जाणाऱ्या गृहस्थांना वाटलं मी त्यांनाच बोलले. ते "माफ करा" म्हणून पलीकडच्या बाजूला गेले.

लोकांना मात्र मी वेगळंच सांगत होते. "बाबांना या वयात सोडून कशी जाऊ?" म्हटलं की सगळे हळहळत, मान डोलावत आणि पुढचं काही विचारत नसत. कारण मोठं सोयीचं होतं.

शेवटी आमच्या चर्चच्या पाळकांनी बैठक सुचवली. आमची ख्रिस्ती मंडळी लहान आहे, पण तिच्यात एक जुनी रीत आहे. कुणी आयुष्याच्या वळणावर अडलं की त्याने आपल्या पसंतीची तीन माणसं बोलवायची. त्यांनी त्याच्यासोबत एक संध्याकाळ बसायचं आणि फक्त प्रश्न विचारायचे. सल्ला द्यायचा नाही, आपला अनुभव सांगायचा नाही, "मी तुझ्या जागी असते तर" हे तर मुळीच नाही. प्रश्न झाला की सगळ्यांनी गप्प राहायचं. अडलेल्याला वाटलं तर त्याने उत्तर द्यावं. नियम मोडला की घंटी. पाळक म्हणतात, देव ज्याचं त्याला सांगतो, आपण फक्त मध्ये मध्ये बोलायचं नाही.

मी तिघं निवडली. एक स्वतः पाळक. वयाने माझ्याहून लहान, पण ऐकायला बसले की हलत नाहीत. दुसरे आमचे प्लंबरदादा. उपासनेत ऑर्गन तेच वाजवतात. आठवडाभर नळांची गुरगुर ऐकून त्यांना स्वतः बोलायची हौस उरलेली नाही. आणि तिसरी आत्या. तिला का, असं विचाराल तर मला त्यानंतरही त्याच घरात राहायचं होतं.

शनिवारी संध्याकाळी आमच्या पुढच्या खोलीत आम्ही बसलो. टेबलावर चहा, बिस्किटं आणि लॅबच्या काउंटरवरून उचलून आणलेली घंटी. आतल्या खोलीत बाबांचा रेडिओ चालू होता. पाळकांनी छोटी प्रार्थना केली. आमेन म्हणता म्हणताच आत्याने तोंड उघडलं.

"तुला नाही का वाटत की परक्या शहरात एकट्या बाईने राहणं म्हणजे जिवाला घोर?"

टिंग.

"अहो, प्रश्नच तर विचारला!"

"प्रश्नाच्या पोटात सल्ला होता, आत्याबाई," पाळक म्हणाले.

आत्याने बिस्कीट मोडलं, जरा विचार केला. "बरं. तिकडच्या पाण्याने केस गळतात हे तुला ठाऊक आहे का?"

टिंग.

"आता हे काय? ही तर माहिती आहे!"

"म्हणूनच."

"मग हे तरी चालेल का? कोपऱ्यावरच्या बाईंची भाची अशीच नोकरीला गेली आणि महिन्याभरात खंगून परत आली, तिचं नाव काय होतं गं?"

पाळकांचा हात घंटीवर घुटमळला. बघायला गेलं तर प्रश्न चोख होता. प्लंबरदादांनी चहाच्या कपात तोंड लपवलं, पण त्यांचे खांदे हलत होते. मग टिंग झालंच. आत्या रुसली आणि हाताची घडी घालून बसली.

"तुम्ही देवाला नेमकं काय विचारता?" पाळकांनी मला विचारलं.

"जाऊ की राहू."

"आणि त्याने तुम्हाला काय विचारलं?"

मला रागच आला. "तो कशाला विचारेल? त्याला सगळं ठाऊक असतं."

त्यांच्या त्या गप्प राहण्याने माणसाच्या नाकी नऊ येतात. मी उगाच टेबलावरचे बिस्किटांचे कण गोळा करत बसले.

मग प्लंबरदादांनी घसा साफ केला. "तो फोन आला, तेव्हा तुम्ही काय केलंत?"

मी पोत्यांची आणि हसण्याची गोष्ट सांगितली. आजवर कुणालाच सांगितली नव्हती. सांगतानाही मला हसू आलं.

"हे तुम्ही देवाला सांगितलंत?"

"नाही," मी म्हणाले. "त्याच्यापासून जरा लपवूनच ठेवलं होतं."

बोलून गेले आणि माझी मलाच लाज वाटली. प्लास्टरच्या पोत्यांमागे लपले होते, आणि कुणापासून तर देवापासून! वर तोच बोलत नाही म्हणून त्याच्यावर डाफरत होते. पण माघार घेणं माझ्या स्वभावात नाही. मी माझं ठेवणीतलं कारण पुढे केलं.

"माझ्या आवडीनिवडीचा प्रश्नच कुठे येतो? बाबांचं काय? त्यांची खुर्ची, त्यांचा रेडिओ, त्यांचे बाकावरचे मित्र. या वयात त्यांना हलवायचं कसं? आणि त्यांना सोडून..."

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की आतला रेडिओ कधीचाच बंद झालाय. दार उघडलं आणि बाबा बाहेर आले. इस्त्रीचा शर्ट, नीट भांग पाडलेले केस. काहीतरी वेगळं दिसत होतं, पण काय ते क्षणभर कळेना. मग ते जरासे हसले.

त्यांनी कवळी घातली होती.

खोटं कशाला बोलू, पहिला विचार धंद्याचाच आला. वरची डावी बाजू सुरेख बसली आहे आणि ओठांना छान आधार मिळालाय. दुसरा विचार मागाहून आला. बाबांचा चेहरा कसा होता ते मी विसरूनच गेले होते.

"इथे फक्त प्रश्न विचारायचे ना, पाळकसाहेब?" बाबा म्हणाले. नवी कवळी असल्यामुळे प्रत्येक 'स'ला बारीक शिटी वाजत होती.

"हो, बाबा."

बाबा माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. "महिनाभर माझं नाव सगळ्यांना सांगत सुटलीयेस. मला कधी विचारलंस?"

मी पुन्हा बिस्किटांचे कण गोळा करू लागले.

"मी त्या खुर्चीला खिळलोय असं तुला कुणी सांगितलं?"

कुणीच सांगितलं नव्हतं. मीच ठरवून टाकलं होतं.

"आणि," बाबा जरा थांबले, "मला सोबत नेशील?"

मी रडले. चांगली भडभडून रडले. प्लंबरदादांनी खिशातून फडकं काढलं, त्याचा वास घेऊन बघितला आणि परत खिशात ठेवलं. पण खरं सांगायचं तर तो निव्वळ आनंद नव्हता. मला भीती वाटत होती. आता लपायला पोती उरली नव्हती आणि बाबाही उरले नव्हते. मला ते काम हवं होतं, एवढं एकच उघड्यावर पडलं होतं. आणि हवं असणं म्हणजे मोह, हे तर माझ्या हाडात भिनलेलं.

मी आत्याकडे पाहिलं. तिचा चहा गार झाला होता. मी गेले आणि माझ्याबरोबर बाबाही आले, तर या घरात आत्या आणि तिचं शिलाई मशीन एवढंच उरणार होतं. तिची गिऱ्हाइकं इथे, तिच्या प्रार्थनेच्या मैत्रिणी इथे. ती यायची नाही, हे मला ठाऊक होतं. हे सगळं तिच्या मनात आमच्या कितीतरी आधी येऊन गेलं असणार. केस गळण्याची भीती तिला माझ्या केसांसाठी नव्हतीच.

तिने हाताची घडी सोडली.

"पोरी, तुला जायचंय का?"

पाळकांचा हात घंटीकडे गेला नाही. त्या प्रश्नाच्या पोटात काहीच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा आत्याने मला काहीतरी विचारलं होतं, ज्याचं उत्तर तिने आधी ठरवून ठेवलेलं नव्हतं. सगळे गप्प बसले. महिनाभर मला छळणारा देवाचा गप्पपणा हाच होता, पण आज तो मला रागावलेला वाटला नाही. कुणीतरी कान देऊन माझ्या उत्तराची वाट पाहत होतं.

"हो, आत्या," मी म्हणाले. "मला खूप जायचंय."

हे मी आत्याला सांगितलं आणि देवालाही त्याच दमात सांगितलं. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं. बाबांनी माझा हात धरला. कवळी दोनदा कटकट वाजली.

आत्याने पालथ्या हाताने डोळे पुसले. मग हात लांब करून पाळकांसमोरची घंटी आपल्याकडे ओढून घेतली.

"मग जा," ती म्हणाली, आणि स्वतःच घंटी वाजवली. टिंग.

आम्ही हसायला लागलो, पण तिचं अजून संपलं नव्हतं. हात घंटीवर तसाच होता.

"आणि तिकडच्या घराला पडदे लाल लाव. मी शिवून देते."

टिंग.