पसाभर आंबील

हा चमचा तुम्ही दवाखान्यात दिलात, डॉक्टर. नारिंगी, प्लास्टिकचा, कुण्या पोरीच्या भातुकलीतून उचलून आणल्यासारखा. टोकावर आता तिमीच्या दातांचे ओरखडे आहेत आणि दांड्याच्या खाचेत आंबिलीचा पांढरा कीट बसलाय, कितीही घासा, निघत नाही... चमचा हातात ठेवलात आणि दार लावून घेतलंत. घाई करू नको म्हणालात, पोर ताठ बसव, पातळ देऊ नको, एक घोट उतरल्याशिवाय दुसरा देऊ नको. आणि त्याच व्हरांड्यात, पलीकडच्या दाराशी, तुमच्याच नर्सबायांनी त्याला वजनकाट्याला टांगलं, बाजारात बोकड टांगतात तसं, आणि ओरडल्या – पोर वाळत चाललंय, भर त्याला, घाई कर! खोटारडे आहात तुम्ही. एका छपराखाली दोन तोंडं ठेवता आणि तिसरं, न गिळणारं, माझ्या मांडीवर टाकून मोकळे होता.

अबेकेने चमचा वाटीच्या काठावर निरपला. तिमी कपडे धुवायच्या टबात बसला होता, दोन्ही बाजूंनी जुनी लुगडी कोंबून ताठ केलेला. दोन वर्षांचं पोर आणि मान अजून वाऱ्यावरच्या पपईसारखी. घास जिभेवर होता. तो तिथेच होता, मघापासून. बघायचं ते गळ्याकडे – गळ्यावरची ती इवलीशी गाठ वर जाऊन खाली येईपर्यंत बघायचं, मग एक रिकामा घोट, मग त्याला 'आ' करायला लावायचं आणि ऐकायचं. आवाज कोरडा आला तर पुढचा घास. ओला आला, नळाच्या तोंडाशी पाणी गुरगुरावं तसा, तर थांबायचं, सगळं थांबायचं. बाहेर गिऱ्हाइकं भांडी वाजवत होती, ऊन उंबऱ्यावरून आत सरकत होतं, आणि ती गाठ हलत नव्हती.

गीळ. गीळ रे माझ्या सोन्या. गीळ, नाहीतर... नाहीतर काय, हे तिला रोज याच वेळी नीट माहीत असायचं. जबडा दोन बोटांत धरून दाबायचा, चमचा आत घालायचा, पार आत, दांड्यासकट, आणि तो मिटक्या मारणारा, विचार करणारा, हट्टी गळा एकदाचा फोडून मोकळा करायचा. आईच्या मनात असं येतं का? येतं. ज्यांच्या येत नाही त्यांची पोरं गिळतात.

"अजून तोच घास?"

सासू दारात उभी होती, तोंडात दातण. काल गावाकडून आली होती, रताळ्यांची पिशवी आणि लेकाची चौकशी घेऊन; लेक, म्हणजे अकांबी, ट्रक घेऊन उत्तरेला गेलेला. अबेकेने वाटी हातात तशीच धरून गुडघे टेकले.

"रात्र बरी गेली ना, आई?"

"ऊठ, ऊठ. मला गुडघे टेकतेस आणि ऐकतेस त्या चमच्याचं." म्हातारीने दातण काढून अंगणात थुंकलं. "बायको," – इथे लग्न होऊन आलेली अख्ख्या घराचीच बायको असते, सासूचीसुद्धा – "बायको, कोंबडी तरी पिलाला याहून पटापट चारते."

"डॉक्टरांनी सांगितलंय, आई. पातळ गेलं की छातीत उतरतं त्याच्या."

"छातीत! तोंडाखाली पोट असतं, बाई. सहा पोरं या हातावर वाढवली मी." तिने डावा तळहात द्रोणासारखा वळवून दाखवला, हात असा वळला की जणू तो उघडा असण्यासाठी केलेलाच नव्हता. "पाच जगली. तुझा नवराच बघ, ट्रक दातांनी ओढेल. एक गेला, फोलारीन, तो खोकल्यानं गेला. जेवणानं नाही. खाऊनपिऊन टम्म होता."

"तिमीची आई!" शेजारची सिकीरा पातेलं घेऊन आत डोकावली. "साहेबांची न्याहारी चालूच का? माझ्या नवऱ्याला असं एकेक चमचा चारायला हवं, निदान घरात तरी बसेल."

"तुझा नवरा चमचा घेऊन पळेल," म्हातारी म्हणाली, आणि दोघी इतक्या जोरात हसल्या की तिमी दचकला, आणि दचकताना घास गेला. कुठे गेला? अबेकेने श्वास धरला... 'आ' कर राजा, 'आ'... कोरडा. बरा गेला.

तिच्याच आंबिलीवर ही गल्ली वाढते. मका ती भिजवते, आंबवते, दळते, फडक्यातून गाळते. घट्ट झालेली पानांत बांधून विकते, पातळ डबे भरून. आणि रोज सकाळी घराघरांतून तो आवाज येतो – गुदमरतं रडणं, मग गटगट, मग ढेकर – आणि इबादान शहराच्या या उतारावर कोंबडा आरवण्याहून जास्त त्याचं कुणाला काही वाटत नाही. पोर मांडीवर उताणं टाकायचं, डोकं जरा खाली, डाव्या हाताचा पसा हनुवटीला लावायचा, हाताच्या कडेने नाक दाबायचं आणि पशात आंबील ओतायची. श्वासासाठी तोंड उघडलं की गेलीच आत. अशीच मी वाढले. अशीच सिकीरा वाढली. काट्यावर पोरांना टांगणाऱ्या तुमच्या बायासुद्धा, टोपी काढली की, अशाच वाढलेल्या आहेत.

तिमी तुमच्याच खाटेवर जन्मला. रडला नाही. सुईण जेवायला गेली होती; आली तेव्हा तिच्या बोटांना मिरचीचा वास होता, आणि तिने त्याला उलटं धरून रडवलं, पण उशीर... बारशाला घरातल्या थोरल्याने त्याच्या ओठांना पाणी लावलं – पाण्याशी कुणी वैर करत नाही, तुझ्याशीही कुणी न करो – आणि त्याला तो जीवघेणा ठसका लागला. सगळे हसले. हावरा आहे म्हणाले.

तुमच्याकडे आधी गाणी म्हणायला लावतात. बाकांवर सगळ्या आया, टाळ्या वाजवत, दूध पाजा, हात धुवा. मग काटा. मागच्या खेपेला तुमची ती जाडजूड नर्सबाई तिमीला टांगून, काट्याकडे न बघता माझ्या दंडाकडे बघत म्हणाली, "आई भरली, पोर वाळलं! अगं, थोडं त्यालाही राहू दे की!" आणि सगळा बाक हसला. मी पण हसले. हसले मी.

दुपार चढायच्या आत गिरणीत डिझेल आल्याची हाक आली. मका आजच दळायला हवा होता, टोपलीतून त्याला उग्र वास सुटला होता. तिमी तिथेच टबात झोपला होता, ताठ. एरवी ती त्याला पाठीला बांधून नेई, पण गिरणीतला धूर त्याच्या छातीत बसतो, आणि कालच तर त्याचा खोकला उतरला होता.

"उठला तर काही देऊ नका, आई. मी येते लगेच. पाणीसुद्धा नाही."

"पाणीसुद्धा नाही! कैदी आहे का तो?"

"आई, तुमच्या पाया पडते."

"जा गं. नातू माझाही आहे."

गिरणीपुढे रांग होती. यंत्राचा आवाज कानात नाही, दातांत बसत होता. पुढे उभ्या बाईच्या पाठीवर तिमीएवढंच पोर होतं, हातात चवळीचा वडा. चावत होतं, गिळत होतं, बघत होतं इकडे तिकडे, गिळताना बघतसुद्धा होतं, जणू गिळणं म्हणजे काहीच नाही. अबेकेला त्या पोराच्या थोबाडीत मारावीशी वाटली. एक. फक्त एक, खणखणीत. तिने हात टोपल्याखाली घेतले. मग तिचा नंबर आला, गिरणवाला ओरडला, "ओता, ओता, बघत काय बसलात!" आणि तिने मका ओतला, वरून पाणी, आणि गिरणीच्या तोंडात मका तुंबला तसा त्याने लाकडी दांडा घेऊन तो आत कोंबला, कोंबला, कोंबला, आणि यंत्र घुसमटून खोकलं...

खोकल्यानं गेला. जेवणानं नाही. खाऊनपिऊन टम्म होता.

कोण टम्म होतं? कुणी केलं टम्म? – तिने टोपलं तिथेच टाकलं. मागून हाका आल्या, बाई, दळण, बाई! ती उतारावरून पळत होती, एक चप्पल गेली, कुणाच्या तरी टोमॅटोंच्या राशीत पाय पडला, शिवी आली, तिने उलट दिली, आणि पळतापळता डोक्यात एकच, अगदी थंड वाक्य – मी तिला मारून टाकीन.

दार उघडं होतं. म्हातारी बुटक्या स्टुलावर, तिमी मांडीवर उताणा, पाय तिच्या काखेत दाबलेले, डोकं खाली लोंबतं. डावा पसा तोंडाशी, उजव्या हातात वाटी. "एवढंच, राजा माझ्या, एवढंच, बघ संपलं," म्हणत होती ती, इतक्या मायेने, इतक्या हळू, की अबेकेला ती माया सहन झाली नाही. तिने तो डावा हात मनगटाला धरला आणि पिळला. काहीतरी कट्‌ असं वाजलं. मग खांद्याने धक्का. स्टूल उलटलं, म्हातारी भिंतीवर आदळली, वाटी घरंगळत गेली.

तिमी रडत नव्हता. त्याचं तोंड उघडं होतं, ओठ जांभळट राखेसारखे, आणि आवाज काहीच नाही. तिने त्याला हातावर पालथं टाकलं, डोकं खाली, आणि पाठीवर मारलं. तळहाताच्या बुडाने. पुन्हा. पुन्हा. कितीतरी दिवस त्या हातात साठलेलं सगळं – जबडा, चमचा, गाठ, बाकावरचं हसणं – त्या एवढ्याशा पाठीवर उतरत होतं, आणि त्या क्षणी नेमकं तेच औषध होतं. मग आंबील नाकातून आली, तोंडातून आली, आणि तो खोकला, आणि रडला. ओलं रडणं. पण रडणं.

"तू मारलंस त्याला," अबेके म्हणाली. सासूला तिने आयुष्यात पहिल्यांदा 'तू' म्हटलं होतं, आणि ते म्हणताना जिभेला गोड लागलं. "तुझ्या फोलारीनला. याच हाताने. खोकला नव्हता तो. तू होतीस."

सिकीरा दारात आली. "अगं बाई... सासूवर हात? तिमीची आई, वेडबिड लागलं का तुला? वीज पडेल अंगावर!"

"जा तू, सिकीरा," म्हातारी खालूनच म्हणाली. "घरातलं आहे. जा."

सिकीरा गेली. म्हातारी उठली नाही. मनगट मांडीत धरून भिंतीला टेकून बसली. ती आता रडेल, शाप देईल, अकांबीला फोन लावेल – अबेके वाट बघत होती, तिला ते हवं होतं, अजून एकदा मारायला काहीतरी निमित्त हवं होतं.

"तेव्हाही काटा होता," म्हातारी म्हणाली. "माझ्या फोलारीनलाही टांगला होता. पांढऱ्या टोपीवाली होती, माझ्याहून लहान. ए आजी, म्हणाली मला. मी तुझ्याएवढी होते तेव्हा. पोर हलकं आहे, म्हणाली, भर त्याला, भरत का नाहीस? सगळ्यांदेखत. मी घरी आले आणि भरलं. खोकायचा, तरी भरलं. अंग टाकायचा, तरी भरलं. पुढच्या वेळी काटा खाली गेला. तिनं माझ्या गालाला हात लावला. शाबास म्हणाली."

"मग?"

"मग काय. मग खोकला." तिने पहिल्यांदा वर बघितलं. "तू आज सांगतेस, मारलंस म्हणून. मला तेव्हा कुणी सांगितलं नाही गं. मी अजून दोन भरवले त्याच हाताने."

अबेकेने खाली बसून तिमीला छातीशी उभं धरलं आणि त्याच्या पाठीला कान लावला. आत, उजवीकडे खाली, पातेल्यात मंद आचेवर काही शिजावं तसा आवाज होता. ताप येईल. संध्याकाळी येईल किंवा उद्या येईल, किंवा या खेपेला येणार नाही... तिमीने रडणं थांबवलं, आणि तो तोंड तिच्या गळ्याशी घासू लागला. भूक. एवढं होऊनही त्याला भूक होती. तो तोंड उघडून तिच्या हनुवटीला लागत होता, आणि जमिनीवर, वाटीत, तळाशी थोडी आंबील उरली होती, आणि उद्या वजनाचा दिवस होता. तेव्हा तिने आपला डावा हात बघितला. तो तिमीच्या हनुवटीखाली होता. वळलेला. बोटं जुळलेली, द्रोण झालेला, तिने न सांगता. किती वेळ होता तो तिथे? तिने तो काढून मांडीखाली घातला आणि त्याच्यावर बसली, आणि तिला जाणवलं की म्हातारीने ते पाहिलं होतं आणि तोंड फिरवलं होतं – तिची अब्रू राखावी तसं. मघापर्यंत या खोलीत एक खुनी बाई होती आणि एक आई होती. आता कोण कुठली, हे सांगता येत नव्हतं. राग गेला नव्हता. राग फक्त उठला होता आणि तिच्या अंगावरून, म्हातारीच्या अंगावरून, उंबरा ओलांडून बाहेर निघाला होता.

तेव्हा ऐका. उद्या मी येते. ताप असला तरी येते, नसला तरी येते. गाणी म्हणणार नाही, टाळ्या वाजवणार नाही, तिमीला काट्याला टांगू देणार नाही. म्हातारीला घेऊन येणार आहे, मनगट बांधून, आणि तुमच्या खोलीत, दार लावायच्या आधी, खुर्चीवर बसवणार आहे. मला काही सांगू नका, मी ऐकून घेतलंय सगळं. तिच्याकडे बघा. शाबास म्हणताना जिच्या गालाला हात लावलात तिच्या तोंडाकडे नीट बघा, आणि तिला सांगा – फोलारीनच्या तोंडावर होता तो हात कुणाचा होता?