न फुटलेल्या बरणीचा राग

मित्रांनो, मी एक जुनी लोणच्याची बरणी आहे. खांद्यापर्यंत तपकिरी, खाली पांढरट, पोटाने गोल. आपली गोष्ट सांगणाऱ्या वस्तू सहसा गोड बोलतात, हे मला ठाऊक आहे. छत्री बोलते, फळा बोलतो, शाळेची घंटा बोलते, आणि शेवटी सगळ्यांना भरून येतं. मला भरून आलेलं नाही. मला राग आला आहे, आणि तो पोटात ठेवून ठेवून मी आंबून जाईन, म्हणून तुम्हाला सांगते आहे.

माझा जन्म वर्धा नदीच्या पलीकडे, भद्रावतीच्या बाजूला, एका भट्टीत झाला. माझ्याबरोबर लावलेल्या काही बरण्या आत तडकल्या, मी टिकले. पुढे वणीच्या बाजारात विमलताईंनी मला बोटाच्या पेराने टणटण वाजवून पाहिलं आणि म्हणाल्या, "आवाज खणखणीत हाय. हेच द्या." एसटीत मांडीवर घेऊन त्यांनी मला बाभुळगावला आणलं. खड्डा आला की त्या स्वतःचं डोकं सोडून माझं झाकण धरत होत्या.

त्या घरात माझा मान मोठा होता. मला ओला हात लावायचा नाही. उष्टा चमचा लावायचा नाही. दर उन्हाळ्यात लोणचं भरायच्या आधी मला धुऊन कडक उन्हात वाळवायचं, मग गोवरीच्या निखाऱ्यावर हिंगाचा खडा टाकून त्या धुरावर पालथं धरायचं. हिंगाची ती धुरी माझ्या अंगात इतकी मुरली आहे की मला रिकामं हुंगलं तरी तोंडाला पाणी सुटतं. भरून झालं की झाकणाच्या कडेने ओली कणीक लिंपायची आणि वर पाट्याचा वरवंटा ठेवायचा. माझ्यातलं लोणचं कधी नासलं नाही. गल्लीत कुणाच्या घरी पाहुणे आले की वाटी घेऊन पोर यायचं, "काकू, बरणीतलं द्या ना." मी ते ऐकून मनातल्या मनात फुगायचे.

आता दुसऱ्या एका भांड्याची गोष्ट सांगायला हवी. ते भांडं म्हणजे बसंतीबाईचं मडकं.

बसंतीबाई गावाबाहेरच्या तांड्यावर राहते. नवरा गेल्यावर ती मोहाची दारू गाळायची. तेव्हा गावातल्या बायकांनी दारूबंदीचं उचललं आणि विमलताई पुढे झाल्या. कारण खरं होतं. गावातली माणसं पिऊन पडत होती, बायका मार खात होत्या. विमलताईंनी हातात काठी घेतली आणि नियम केला: ज्याच्या घरी सडवा सापडेल, त्याचं मडकं फुटेल. घर कुणाचंही असो. सडवा म्हणजे दारू गाळण्याआधी कुजत घातलेला मोह. बायका तांड्यावर गेल्या आणि बसंतीबाईचं मडकं विमलताईंनी स्वतःच्या हाताने फोडलं. रस्त्यावरच्या परवान्याच्या दारूच्या दुकानाला मात्र कुणी हात लावला नाही, कारण त्याला परवाना होता.

मी हे डोळ्यांनी पाहिलं नाही. पण विमलताईंनी ही गोष्ट माझ्याजवळ बसून इतक्या जणींना सांगितली की मला पाठ झाली. ती काठी त्यांनी मागच्या भिंतीला खिळ्यावर टांगून ठेवली. बसंतीबाईला दुसरं काम देऊ, असं बायकांनी तेव्हा कबूल केलं होतं. त्या कबुलीतून दर उन्हाळ्यात विमलताईंच्या लोणच्यासाठी आंब्याचं एक टोपलं घ्यायचं, एवढंच निघालं. बसंतीबाई तांड्यावरच्या झाडाचे आंबे आणायची, अंगणात बसून मोठ्या सरोत्याने, म्हणजे अडकित्त्याने, फोडी करायची आणि निघून जायची. मडक्याबद्दल ती कधी काही बोलली नाही. विमलताईंनी कधी विचारलं नाही.

आता नयनकडे येते. नयन म्हणजे विमलताईंचा मुलगा. लहानपणी याच मुलाने माझ्यात बोट बुडवून चाटलं होतं आणि पाठीत धपाटा खाल्ला होता. तो पुण्याला नोकरीला लागला आणि यंदा घरून काम करायला गावी आला. त्याच्यासोबत कुरिअरने एक खोकंही आलं. त्यात जवाचा काकवीसारखा दाट पाक होता, हॉप्स नावाच्या कडू फुलांच्या हिरव्या गोळ्या होत्या आणि यीस्टची एक पुडी. नयनला घरी बीअर करायची होती. सोबतीला त्याचा शाळेपासूनचा दोस्त गोपाल होता.

बीअर मुरवायला भांडं हवं होतं. मित्रांनो, बाजार प्लास्टिकच्या ड्रमांनी भरलेला आहे. पण या दिवट्याची नजर माझ्यावर पडली. मी तेव्हा रिकामी होते, नव्या लोणच्याची वाट बघत होते. तो आईला म्हणाला, "आई, बरणी दे थोड्या दिवसासाठी. जवाचा काढा करतो. पोटाले चांगला असते."

खोटं! माझ्या तोंडावर खोटं! आणि त्या माउलीने विश्वास ठेवला. नुसता विश्वास ठेवला नाही, पोरगं काही घरचं खातं आहे म्हणून हरखल्या. मला धुतलं, वाळवलं, आणि काढा नासू नये म्हणून नेहमीपेक्षा मोठा हिंगाचा खडा टाकून धुरी दिली. नयन दारात उभा राहून बघत होता. त्याच्या व्हिडिओत सांगितलं होतं की भांड्याला कसलाही वास नको. पण थांबव म्हणायचं तर खरं सांगावं लागलं असतं. तो गप्प बसला. बरं झालं, असं मी मनात म्हटलं.

विमलताई बचत गटाच्या बैठकीला गेल्या आणि या दोघांनी पाक उकळला. भाजल्या जवाचा वास खरोखर चांगला होता, ते मी नाकारत नाही. मग तो पाक निवेना. बाहेर आपल्या यवतमाळचं ऊन, डोळे भाजणारं. बर्फ आणला, पातेलं टपात बुडवलं, शेवटी सगळं माझ्यात ओतून यीस्ट भुरभुरवलं. मला कोठीच्या खोलीत कूलरपुढे बसवलं, अंगाला ओलं पोतं गुंडाळलं. तोंडावर नुसतं फडकं, कारण आतली हवा बाहेर जायला हवी होती. माझ्या पोटावर कागद चिकटवला आणि त्यावर लिहिलं, 'पहिली बॅच'. माझ्याबरोबर फोटो काढून घेतले.

सुरुवातीला काहीच होईना. दोघं येऊन कान लावायचे.

"अबे, मेलं का काय ते? काहीच नाई करून राह्यलं," गोपाल म्हणायचा.

"थांब ना. पहिल्या बॅचले वेळ लागते."

मग एका सकाळी मी आतून खदखदू लागले. दोघं लहान पोरांसारखे नाचले. माझ्या पोटात ढवळत होतं आणि यांना आनंद झाला होता! चार घोट काढून त्यांनी चव घेतली. गोपालचं तोंड वाकडं झालं.

"नयन, हे तं हिंगाचं वरण लागून राह्यलं बे."

"होते असं. मुरलं का बरोबर होईन," नयन म्हणाला आणि दुसरा घोट मात्र त्यानेही घेतला नाही.

त्या संध्याकाळी विमलताई कोठीत आल्या. उघडं तोंड आणि भोवती मुंग्यांची रांग बघून त्यांचा जीव खालीवर झाला. आजकालच्या पोरांना बरणी झाकायचीही अक्कल नाही, असं पुटपुटत त्यांनी फडकं काढलं, झाकण बसवलं, कडेने कणीक लिंपली आणि वर वरवंटा ठेवला. हिंगाचा वास येत होता म्हणून त्यांना दुसरा वास कळला नाही. मायेने केलेलं ते काम होतं. आत माझा श्वास कोंडत होता आणि उन्हाळ्याच्या हवेत कणीक दगडासारखी वाळत होती.

दुसऱ्या दिवशी बसंतीबाई आंबे घेऊन आली. अंगणात सरोता चालू झाला. विमलताई शेजारी बसून फोडी पुसत होत्या, मला बाहेर आणून जवळच भिंतीच्या सावलीत ठेवलं होतं. नयनला त्यांनी अंगणातूनच हाक मारली, "तुह्या काढा काढून घे रे आता, फोडी भरायच्या हाय." तो पळत आला. माझ्या झाकणाभोवतीची कणीक आणि वरचा वरवंटा बघून त्याचा चेहरा उतरला. त्याने हात पुढे केला, पण मला आणखी धरवलं नाही.

धाड! झाकण उडालं. वरवंटा घरंगळला आणि माझ्या झाकणाचे दोन तुकडे झाले. फेस अंगणभर उडाला, आंब्याच्या फोडींवर, बसंतीबाईच्या लुगड्यावर, विमलताईंच्या तोंडावर. आणि वास पसरला. मोहाचा नव्हता, जवाचा होता. पण कुजून चढलेल्या गोडाचा वास ओळखायला त्या दोघींना कुणाची गरज नव्हती. बसंतीबाईचा सरोता थांबला. विमलताईंनी पदराने तोंड पुसलं आणि तो पदर हुंगला.

"नयन, हे काय हाय?"

"आई, काढा..."

"मले वास शिकवू नको."

तेव्हा तो खरं बोलला. "बीअर हाय. हौस म्हणून करून पाह्यली. मी काय विकाले बसलो का? पुण्यात कितीक लोक करतेत. तुम्ही उगाच..."

"मी हौसेनं नव्हती करत रे, छोरा," बसंतीबाई म्हणाली. आवाज चढवला नाही. "लेकरं होती."

विमलताई उठल्या. मागच्या भिंतीवरची काठी घेऊन आल्या आणि बसंतीबाईच्या हातात दिली.

"तुह्यं मडकं म्या फोडलं होतं. नियम माह्याच होता. आता हे तू फोड. फिटंफाट होऊन जाऊ दे."

मित्रांनो, मी घाबरले नाही. खरं सांगते, मला वाटलं, मार! मी कितीही मानाची असले तरी माझ्या पोटात तेच होतं जे तिच्या मडक्यात होतं. तिचा तो गुन्हा आणि याची ती हौस, हे कुठलं शास्त्र? एक घाव बसला असता तर सगळं बरोबर झालं असतं.

बसंतीबाईने काठी हातात तोलून पाहिली. मग भिंतीला टेकवून ठेवली.

"चांगली बरणी कायले फोडू, ताई? माह्यं मडकंबी चांगलंच होतं. सासूनं देल्लं होतं मले. पहिले त्याच्यात ज्वारी राहे." तिने सरोता पुसून काखेत घेतला. "तुम्ही मोह सांडून टाकला असता तरी चाललं असतं. मडकं काहून फोडलं, हे मले अजून नाई समजलं."

ती गेली. अर्धे आंबे टोपल्यात तसेच सोडून गेली.

आता मला जो राग आहे तो इथून सुरू होतो. बसंतीबाई गेल्यावर विमलताईंनी काठी स्वतः उचलली. माझ्यासमोर उभ्या राहिल्या. नयन खाली मान घालून उभा होता. मी वाट बघितली. घर कुणाचंही असो, हे त्यांचेच शब्द होते. पण तो हात वर गेला नाही. परक्या दारात जो हात एका क्षणात उठला, तो आपल्या अंगणात जड झाला. "एवढी जुनी बरणी..." त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि काठी पुन्हा खिळ्यावर गेली.

नयनने बीअर मोरीत ओतली. मला सोड्याने घासलं, गरम पाण्याने विसळलं. आईची माफीही मागितली. मनापासून मागितली असेल. पण तांड्यावर जाऊन त्याने कुणाची माफी मागितली नाही, आणि त्याला तसं कुणी सांगितलंही नाही. पुढच्या आठवड्यात कुरिअरने प्लास्टिकचा ड्रम आला. दुसरी बॅच पुण्याला करणार म्हणे. विमलताईंनी तो ड्रम पाहिला आणि काहीच बोलल्या नाहीत. मला त्या न बोलण्याचाही राग आला. त्या आता मडकं फोडल्याची गोष्ट कुणाला सांगत नाहीत. गटातली एखादी बाई विचारते, तेव्हा त्या ताटं आवरायला उठतात. यंदा लोणचं भरलं नाही.

मी कोठीत उभी आहे. झाकण नाही, तोंडावर फडकं बांधलं आहे. पोटावरच्या कागदाचा डिंक अजून निघालेला नाही. लोक म्हणतील, बरणी नशिबाची, एवढ्यातून वाचली. मित्रांनो, मी नशिबाने वाचले नाही. मी चांगल्या घरातली होते, म्हणून वाचले. माझ्या अंगावर एकही तडा नाही आणि त्याचीच मला लाज वाटते.

बाळांनो, भांडी जपा. ओला हात लावू नका, उष्टा चमचा लावू नका, हे मी तुम्हाला सांगणारच. पण भांडं जपायचं म्हणजे फक्त आपलं जपायचं असं नाही. दुसऱ्याच्या दारात काठी उचलण्याआधी त्या भांड्यात पहिले काय राहत होतं, तेवढं विचारा.

आणि तुमच्यापैकी कुणी बाभुळगावला आलं, तर विमलताईंना माझा एक निरोप द्या. मला फोडायचा धीर होत नसेल, तर फोडू नका. पूर्वी एसटीत मांडीवर घेऊन आणलं होतं, तसंच मला उचला आणि तांड्यावर नेऊन ठेवा. बसंतीबाई माझ्यात ज्वारी भरेल. तिच्या घरात एक भांडं अजून कमी आहे.