झाकून ठेवलेला चार्जर

मित्रांनो, मला पाहून नवखे लोक आधी विचारतात, "हे पाणी भरायचं मशीन आहे का?" मी रागावत नाही. उन्हाने पिवळट पडलेला माझा उंच देह, पोटाशी काचेचा चमकता पडदा आणि कमरेला जाड काळी केबल, असा माझा अवतार आहे. मी विजेवर चालणाऱ्या गाड्यांचा चार्जर आहे आणि आता चांगलाच जुना झालो आहे. पण या रस्त्याने मागे जा की पुढे जा, गाडीची बॅटरी रडकुंडीला येईपर्यंत माझ्यासारखे दुसरे कोणी भेटणार नाही. हे मी जरा तोऱ्यातच सांगतो. तो तोरा मला फुकट मिळालेला नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे चष्मा लावलेल्या एका बाईंनी माझी शेवटची तपासणी केली. बराच वेळ मला भरपूर वीज ओढायला लावून त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, मी किती तापलो ते पाहिले आणि शेजारणीला सांगितले की हा दमणारा नाही. माझ्या रांगेतली भावंडे शहरात गेली, मोठमोठ्या दुकानांच्या तळघरात, गार सावलीत. माझ्या वाट्याला आला हा फाटा. दोन्हीकडे शेते, मधून सरळसोट रस्ता आणि कडेला काकूंचे किराणा दुकान.

काकूंनी दुकानापुढची मोकळी जागा चार्जर बसवणाऱ्या कंपनीला दिली ती मोठ्या आशेने. रस्ता रुंद झाल्यापासून गाड्या भरधाव निघून जात आणि दुकानात माशा मारत बसायची वेळ आली होती. गाडी चार्ज होईपर्यंत माणूस उतरणार, पाय मोकळे करणार, काहीतरी घेणार, असे त्यांचे गणित होते. सुनेने तर पत्र्याखाली चहाचे टेबल मांडले आणि चार खुर्च्या आणल्या. ती आणि काकूंचा मुलगा शहरात काम शोधायला निघाले होते. माझ्या भरवशावर त्यांनी तो बेत रद्द केला. आपल्यावर एक अख्खे घर विसंबून आहे हे कळल्यावर मला किती अभिमान वाटला, काय सांगू!

सुरुवातीला कंपनीचा तंत्रज्ञ इथेच मुक्कामाला होता. तेव्हा गाड्या येत. गुरांच्या डॉक्टरीणबाई आपली छोटी निळी गाडी घेऊन नेमाने यायच्या. मग तंत्रज्ञ गेला आणि मला सांभाळायचे काम काकूंकडे आले.

काकूंनी मला जिवापाड जपले. मऊ फडक्याने पुसले. जुन्या पडद्याचा छान झगा शिवून मला घातला. त्यांच्या घरात एक नियम होता: काम झाले की खटका बंद. मिक्सर असो, पंखा असो, टीव्ही असो, सगळे भिंतीपासून बंद. मग मी कसा सुटणार? गाडी गेली की काकू दुकानात जाऊन माझा मेन स्विच खाली ओढत आणि मला झगा चढवत. "दिवसभर उन्हात उभं असतं बिचारं. जरा विसावू दे," असे त्या सुनेला सांगत. मला वीज नसे, पण कान उघडे असत. कापडाआडून मला रस्त्यावरच्या गाड्या ऐकू येत. येत आणि थेट निघून जात. हळूहळू डॉक्टरीणबाईसुद्धा यायच्या बंद झाल्या. माझे काय चुकले, मला कळेना.

एक दिवस कंपनीचे साहेब आले. या जागेवर वीजजोडणीचा खर्चसुद्धा निघत नाही, असे त्यांनी सांगितले. असाच तोटा राहिला तर पुढच्या महिन्यात मशीन काढून शहरात बसवू, असेही बजावले. काकूंचा चेहरा उतरला. सुनेने त्याच दिवशी दोन खुर्च्या घडी करून आत ठेवल्या. काकूंनी मात्र कंबर कसली. आता त्या मला दोनदा पुसू लागल्या आणि कोणी उगाच हात लावू नये म्हणून स्विचच्या पेटीला कुलूपही घातले.

शेवटी साहेब दोन माणसे आणि टेम्पो घेऊन आले. माणसांनी पाने काढले. माझ्या पायाचा पहिला बोल्ट ढिला होतो आहे तोच ती निळी गाडी गोगलगायीच्या चालीने रस्त्यावरून आत आली. डॉक्टरीणबाई घाईने उतरल्या. पुढच्या वस्तीवर गाय अडली होती आणि बॅटरी तर तळाला गेलेली. घरातल्या साध्या सॉकेटवर थोडीशी वीज मिळेल का, असे त्यांनी काकूंना विचारले.

"साध्या सॉकेटवर कशाला?" काकू म्हणाल्या. "हे काय उभं आहे इथं?"

"ते बंद आहे ना? फोनवर कधीही बघा, बंदच दाखवतं. म्हणून तर मी लांबच्या रस्त्यानं जाते हल्ली."

काकूंनी कुलूप उघडले आणि खटका वर केला. माझ्या अंगात वीज आली, पडदा उजळला. डॉक्टरीणबाईंच्या फोनवरच्या नकाशात माझा करडा ठिपका हिरवा झाला. सुनेने तो पाहिला, साहेबांनी पाहिला. खेड्यात वीज जातच असेल असे धरून साहेबांनी आजवर चौकशीच केली नव्हती. त्यांनी विचारले, "तुम्ही रोज हे बंद करता?"

"मग काय, रिकामं चालू ठेवू?" काकू म्हणाल्या. पण बोलता बोलताच त्यांच्या ध्यानात आले आणि त्या मटकन खुर्चीत बसल्या. "म्हणजे गाड्या मीच घालवल्या. याला जपता जपता."

मला त्यांचा राग आला नाही. उलट, इतकी माया लावलेले यंत्र दुसरे नसेल असेच वाटले.

मी डॉक्टरीणबाईंच्या गाडीत वीज भरली आणि ती गाडी वस्तीवर वेळेत पोहोचली. साहेबांनी सुगीपर्यंत मुदत दिली. अट एकच, खटक्याला हात लावायचा नाही. ते काकूंना किती जड गेले ते मी पाहिले आहे. दुकान बंद करताना त्यांचा हात आपसूक स्विचकडे जाई. मग त्या दोन्ही हात पाठीमागे धरून, माझ्याकडे न बघता घरात जात.

आणि मित्रांनो, गाड्या येऊ लागल्या. भाजीच्या गाड्या आल्या, औषधांची गाडी आली, लांबच्या प्रवासाला निघालेली कुटुंबे आली. आत ठेवलेल्या खुर्च्या बाहेर आल्या आणि त्याही पुरेनात. पुढे वर्षानुवर्षे हाताळून माझ्या केबलची मूठ गुळगुळीत झाली, पडद्याला तडा गेला, रंग उडाला. काम करून आलेले म्हातारपण आहे हे, त्याची मला लाज नाही.

पण आधी मुदतीची ती सुगी झाली आणि साहेब आले. या खेपेस टेम्पो नव्हता, ते स्वतःच्या विजेच्या गाडीतून आले होते आणि त्यांचीच बॅटरी संपत आली होती. माझ्यापुढे दोन गाड्या उभ्या होत्या. साहेबांनी काकूंना हळूच विचारले, जरा आधी लावता येईल का?

"नंबर आहे, साहेब," काकू म्हणाल्या. "डॉक्टरीणबाई, मग भाजीवाला, मग तुम्ही. बसा, चहा घ्या."

साहेब बसले. चहा प्यायले. मला उपटायला आलेला माणूस माझ्यासाठी ताटकळला होता, आणि खरे सांगतो, मला फार बरे वाटले.

मित्रांनो, माझे मागणे थोडे आहे. केबल जमिनीवर फेकू नका, मूठ तिच्या जागी अडकवा, गाडी भरली की पुढच्याला जागा द्या. आणि एखाद्या वस्तूवर जीव असेल तर तिला तिचे काम करू द्या.

साहेबांचा नंबर आला तेव्हा मी त्यांच्या गाडीत वीज भरली. सगळ्यांना देतो तशीच, भरभरून.