मंदाबाईंनी न गिळलेली गोळी

निकेशच्या पोरीचं, आचलचं, बारसं झालं ते २०१९ साल. हिंगणघाटच्या घरासमोर मांडव घातला, पन्नास-साठ माणसं पोटभर जेवून उठली आणि घरची आजी, मंदाबाई, तेवढी वाटीभर वरणाच्या पाण्यावर उठली. पाहुण्यांना वाटलं, उपास असेल. उपास कसला! दोन वर्षांपासून अन्न पोटात गेलं की अर्ध्या तासाने उजव्या अंगाला खाली कळ धरायची. बाई भिंतीला पाठ लावून बसायची आणि कोणी विचारलं तर म्हणायची, "काही नाई, होते बरं."

तपासण्या कमी झाल्या नव्हत्या. पहिले सोनोग्राफी झाली, मग सीटी स्कॅन. आतड्याची भिंत एका ठिकाणी जाड दिसली म्हणून टीबी समजून सहा महिने गोळ्या चालल्या. लघवी लाल झाली, पोट जसंच्या तसं. मग तोंडातून नळी घालून जठर पाहिलं, ते साफ. खालून नळी घालून मोठं आतडं पाहिलं, तेही साफ. मधलं वीस फूट लहान आतडं आतून कोणीच पाहिलं नव्हतं. नागपूरच्या एका खाजगी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, हा क्रोन्स नावाचा आजार असावा, आतड्याला आतून जखमा होतात. कॅमेऱ्याची गोळी गिळायला देऊ, ती सगळी वाट चालून जाईल आणि फोटो पाठवेल. निकेशने लगेच तारीख घेतली. तो मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसायचा, त्याला या गोळीचं भारी अप्रूप होतं. बसमध्ये नागपूरपर्यंत तो आईला तेच सांगत राहिला.

"आई, पन्नास हजार फोटो काढते ते. तुले कायी समजनार नाई. पान्याचा घोट अन् झालं."

"मले समजून नाई राह्यलं तं तू काऊन सांगून राह्यला?" मंदाबाई म्हणाल्या.

दवाखान्यात त्यांच्या पोटावर चिकटपट्ट्या लावल्या, कमरेला पट्टा बांधला. सिस्टर पोरगी चांगली होती, पण घाईत होती. तिने डबी उघडली आणि गोळी बाहेर काढली. बाहेर येताच गोळीचा दिवा लुकलुकू लागला. सिस्टरने गोळी वाटीत ठेवली, पाण्याचा पेला पुढे केला आणि सहीचा कागद सरकवला.

"माताजी, इथे सही करा, अन् गिळा."

कागद मराठीत होता. मंदाबाई वाचायला बसल्या. एकेका ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत. निकेशने दोनदा घड्याळ पाहिलं. वाटीतला दिवा लुकलुकतच होता.

चौथ्या ओळीवर बोट थांबलं. "गोळी आतड्यात अडकल्यास ती काढण्यासाठी शस्त्रक्रिया करावी लागू शकते."

मंदाबाईंनी पेन खाली ठेवलं.

आता इथे एक सांगितलं पाहिजे. मंदाबाईंनी हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यात, सव्वीस हंगाम काढले होते. आवारात कापसाची गंजी, गंजीपाशी ओढ घेणाऱ्या पाइपाचं तोंड, आणि त्या तोंडाशी मंदाबाई. कापूस पाइपातून हवेनं ओढला जाऊन मशीनपर्यंत जायचा. पाइप चोक झाला की पहिली शिवी तोंडाशी बसलेल्या बाईला. म्हणून त्या कानाने काम करायला शिकल्या. मोकळा पाइप एका सुरात वाजतो. कुठं वाट अरुंद होऊ लागली की आधी गुरगुर येते, मग आवाज चढतो, मग एकदम ढिला पडतो, म्हणजे अडकलेला कापसाचा गोळा सुटला. तीनदा असं झालं की चौथ्यांदा सुटत नाही. कैलास फिटर तेव्हा लोखंडी सळईने पाइप बाहेरून ठोकत जायचा आणि जागा सापडली की तिथलंच झाकण खोलायचा. एका हंगामात राकेश नावाचा नवा सुपरवायझर आला. त्याने ठोकाठोकीत वेळ घालवला नाही. वरून चिंध्यांचा गोळा सोडला, म्हणाला, धक्क्याने निघेल. गोळा वळणावर जाऊन असा बसला की पाइप गॅसने कापावा लागला आणि चार दिवस जिनिंग बंद राहिली.

आणि मंदाबाईंच्या पोटात दोन महिन्यांपासून नेमका तोच आवाज होता. आधी गुरगुर, मग उजवीकडे मुठीएवढा उंचवटा, मग ढिलं.

"मी नाई गिळत," त्या म्हणाल्या.

सिस्टरला वाटलं बाई घाबरली. "दुखत नाही हो माताजी."

"दुखन्याले कोन भेते? डॉक्टरले बलावा."

"आई!" निकेश कानाशी येऊन पुटपुटला. "लाज काढून राह्यली तू. ते गोळी चालू झाली, आता बंद नाई होत. गिळून टाक ना वं!"

"मंग तू गिळ."

डॉक्टर आले. माणूस वाईट नव्हता, पण बाहेर वीस पेशंट बसले होते. "काय झालं काकू?"

"हे चार नंबरचं. अडकली तं कापा लागते म्हनून लिवलं हाय."

"शंभरात एखाद-दोघांना होतं तसं. सगळ्यांना लिहून द्यावं लागतं."

"त्या शंभरात मी कोनती हाओ, ते मालूम हाय का तुमाले?"

डॉक्टरांनी फाइल उघडली. "तुमच्या सीटीत अरुंद जागा दिसलेली नाही."

"कवाचा सीटी हाय तो?"

"दीड वर्षापूर्वीचा."

"दीड वर्साआधी मी भाकर खात होती जी. आता वरनाचं पानी पेते. अन् जेवल्यावर पोट वाजते, गोळा उठते, मंग आपोआप सुटते. हे तुमी मले इचारलं का?"

डॉक्टर फाइलीची पानं उलटत राहिले. तिथे ते लिहिलेलं नव्हतं.

"काकू, या आजारात आतल्या बारीक जखमा दाखवणारी याच्याइतकी चांगली तपासणी नाही. नाही केली तर औषध अंदाजाने द्यावं लागेल. असंच चाललं तर सहा महिन्यांत आतडं बंद पडेल, मग इमर्जन्सीत कापावं लागेल. तुमच्या भल्याचं सांगतो."

"भल्याचंच सांगता तुमी. पन पहिले बाहेरून पाहा, वाट मोकळी हाय का नाई. मोकळी असन तं मी दोन गिळते."

"ही गोळी वाया गेली."

"जाऊ द्या. माह्या आतड्यापक्षा सस्तीच हाय ते."

मंदाबाईंनी स्वतःच्या हाताने चिकटपट्ट्या ओढून काढल्या. त्या पातळ सावरून बाहेर पडल्या तेव्हा गोळी वाटीतच लुकलुकत होती. तिने त्या दिवशी छताचा पंखा, सिस्टरची हनुवटी आणि निकेशचं पडलेलं तोंड यांचे किती फोटो काढले ते कोणी मोजलं नाही.

निकेश पंधरा दिवस आईशी धड बोलला नाही. पण एका दुपारी तिला उलट्या लागल्या आणि त्यानेच तिला वर्ध्याजवळच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे काजल नावाच्या तरुण डॉक्टरीणबाई होत्या, तपासणीच्या यंत्रांवर त्यांचं काम. त्यांनी पोटावर आधी सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं, आणि फिरवता फिरवता विचारलं, "जेवल्यावर पोट वाजतं का हो मावशी?"

मंदाबाईंनी निकेशकडे नुसतं पाहिलं. तो खिडकीबाहेर पाहू लागला.

"इथे काहीतरी आहे," काजलबाई म्हणाल्या, "पण मधे गॅस आहे, त्यामागचं मला दिसत नाही. एमआरआय करू."

"सीटी काऊन नाई? तो तं पाच मिन्टात होते," मंदाबाईंनी विचारलं.

"होतो. घाई असती तर तोच केला असता. पण त्यात किरणं लागतात, आणि हा आजार वर्षानुवर्षं राहतो, पुन्हा पुन्हा पाहावं लागतं. एमआरआयमध्ये किरणं नाहीत. शिवाय भिंत सुजली आहे की कायमची आखडली आहे, ते जास्त बरं कळतं. सुजली असेल तर औषधाने उतरते. आखडली असेल तर कापावं लागतं."

"अन् गोळी?"

"गोळीला जे दिसतं ते मला नाही दिसणार, मावशी. अगदी बारीक जखमा तीच दाखवते. पण भिंत किती जाड आहे ते तिला कळत नाही, आणि तिला जायला मोकळी वाट लागते."

"मंग भांडन मशिनीचं नाई," मंदाबाई म्हणाल्या. "पहिले कोन अन् मागून कोन, त्याचं हाय."

दीड लिटर गोडसर पाणी पाऊण तासात प्यायला लावलं. मंदाबाईंनी मधे दोनदा शिव्या दिल्या आणि पेला संपवला. मग एमआरआयच्या बोगद्यात पालथं झोपवलं. कानात हिंदीतून हुकूम यायचा, सांस रोको, सांस छोडो. अर्धा तास दर हुकमाला त्यांनी श्वास असा रोखला की काजलबाई म्हणाल्या, जवान पोरंही असं करत नाहीत.

पडद्यावर दोन जागा निघाल्या. एक लहान आतडं संपतं तिथून टीचभर अलीकडे, दुसरी तिच्याही वर. खालची इतकी अरुंद की पेन्सिल जेमतेम जाईल, आणि तिच्या मागचं आतडं फुगून मनगटाएवढं झालेलं.

एमआरआयची फिल्म घेऊन नागपूरला जायची काही गरज नव्हती. औषध वर्ध्यालाच सुरू झालं होतं. निकेश म्हणाला, "आता काऊन जाते वं तिथं? झालं ना तुह्या मनासारखं."

"माह्या मनासारखं अजून व्हायचं हाय," मंदाबाई म्हणाल्या आणि बसमध्ये चढल्या.

डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली. "अडकली असती," ते म्हणाले.

"कुठी?"

त्यांनी बोट ठेवलं. "इथे."

"आता त्या गोळीच्या कागदावर एक ओळ वाढवा. जेवल्यावर पोट वाजते का, गोळा उठून सुटते का, ते इचारल्याबिगर कोनाले डबी उघडून देऊ नका."

"काकू, असा कागद मी एकटा नाही बदलू शकत."

"मंग सिस्टरले सांगा. तिले तं सांगू शकता ना?"

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी सिस्टरला आत बोलावलं. मंदाबाईंनी तिला तो प्रश्न दोनदा म्हणायला लावला, मराठीत एकदा आणि हिंदीत एकदा. बाहेरचे पेशंट दारातून डोकावत होते. निकेश या वेळी आईच्या कानाशी पुटपुटला नाही, तिथेच उभा राहिला.

सूज औषधाने उतरली तशी वरची जागा मोकळी झाली. खालची आखडलेलीच होती. ती २०२१ साली तारीख ठरवून, घाईगर्दी न करता कापून काढली. बाई त्यानंतर भाकर खाऊ लागल्या, वर्षातून एकदा त्या बोगद्यात जाऊन श्वास रोखू लागल्या, आणि सहा महिन्यांचा हिशेब सांगणाऱ्या डॉक्टरांना दर दिवाळीला निकेशला फोन लावायला सांगून, "मी मंदाबाई, जिती हाओ," एवढंच सांगू लागल्या.

मंदाबाई ११ मार्च २०२४ रोजी, सोमवारी सकाळी, हिंगणघाटला राहत्या घरी हृदय बंद पडून वारल्या. वय बासष्ट. आदल्या दिवशी त्या दोन भाकरी जेवल्या होत्या. पोटाचा त्यात काही संबंध नव्हता.